"दादा मार्गदर्शन करा"

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. नंबर सेव्ह नाही, डीपीवर शिवाजी महाराज, आणि मेसेज एवढाच, "दादा मार्गदर्शन करा". नाव नाही, गाव नाही, काय शिकतो ते नाही. मी विचारलं कोण रे बाबू, कशाबद्दल, तं दोन मिनिटं नुसतं टायपिंग टायपिंग दिसत राहिलं आणि मग आलं, "करिअर बद्दल".

हसू नका राजेहो. बारा वर्षांआधी मी पण हाच मेसेज केला असता, फक्त तेव्हा माझ्याकडे बटनाचा मोबाईल होता आणि पाठवायला कोणाचा नंबर नव्हता. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यापासून आत चौदा-पंधरा किलोमीटरवर गाव, बाबांची तीन एकर कोरडवाहू, कापूस आणि मधात तुरीचं तास, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. ज्याच्या घरात आधी कोणी शिकलेलं नसते त्याला उत्तर माहीत नसते हे सगळेच म्हणतात, पण खरी गोष्ट ही की त्याला प्रश्नच माहीत नसतो. शहरातल्या पोराला हे जेवता जेवता समजते, मामा काहीतरी बोलतो, शेजारची ताई कुठंतरी ॲडमिशन घेते, बापाच्या ऑफिसातले साहेब घरी येतात, आणि त्याच्या डोक्यात न शिकवता एक नकाशा तयार होऊन जाते. आमच्या नकाशात गावं मोजून चार होती. डीएड, बीएड, पोलीस भरती, तलाठी. आणि लयच हुशार असला तं एमपीएससी.

आमच्याकडे "मार्गदर्शन" हा शब्द स्टेजवरचा आहे, ही पहिली अडचण. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजात मोठा मार्गदर्शन मेळावा झाला होता. मंडप, सरस्वतीचा फोटो, दीपप्रज्वलन (वाऱ्यानं ज्योत तीनदा विझली), मग पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग ज्यांनी सत्कार केला त्यांचाही सत्कार, मग प्रास्ताविक पाऊण तास. प्रमुख पाहुणे म्हणाले स्वप्नं मोठी पाहा, परिस्थितीवर मात करा, मी स्वतः कंदिलाच्या उजेडात शिकलो. टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरांची वेळ आली तोवर अर्धे पोट्टे गावच्या गाडीसाठी स्टँडवर पळालेले, कारण चारची एसटी गेली की मग मुक्कामीच. मी थांबलो होतो. हात वर केला आणि विचारलं, सर बीएस्सीनंतर काय करावं. ते म्हणाले, "तुमची आवड काय आहे?"

आवड! आमच्या घरी भाजी करताना कोणी आवड विचारत नाही, आणि हा माणूस शंभर लोकांसमोर मला आयुष्याची आवड विचारून राहिला. मी खाली बसलो. आभार प्रदर्शन झालं, मग चिवडा आणि चहा.

त्यानंतर अमरावती. गाडगेनगरात एका खोलीत चौघं, मेसचा डबा, आणि सकाळी सहा ते रात्री अकरा अभ्यासिका. एमपीएससी. तीन वर्षं. मी अभ्यासिकेला नावं ठेवत नाही, तिथं मी खूप वाचायला शिकलो आणि माझ्या ओळखीचे तिघं-चौघं तिथूनच लागले, त्यांचं चांगलंच झालं. पण मी तिथं का गेलो होतो असं विचारलं तं खरं उत्तर एवढंच की सगळे तिथं जात होते. दुसरा रस्ता पाहून मग हा निवडला असं काही नाही, दुसरा रस्ता असतो हेच ठाऊक नव्हतं. आणि गर्दीचं म्हणाल तं २०२३ च्या तलाठी भरतीचं घ्या, ४६४४ जागा आणि अर्ज दहा लाखांच्या वर, फी खुल्या प्रवर्गाला हजार रुपये आणि राखीवला नऊशे. आता एका जागेमागं किती पोरं झाली ते तुम्हीच भागा. अभ्यासिकेत कोणी भागत नाही, भागलं की अभ्यास होत नाही.

मला बाहेर काढलं ते माझ्या रूममेटच्या आतेभावानं. तो काही साहेब नव्हता. माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठा, तुळजापूरला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची शाखा आहे तिथं एमए करत होता, दिवाळीला गावी जाताना आमच्या खोलीवर एक रात्र थांबला. रात्री बोलता बोलता मी सांगून राहिलो होतो की आमच्या गावात विहिरी फेब्रुवारीतच काऊन आटतात आणि कोणाच्या वावरात बोअर लागल्यावर कोणाची विहीर गेली. तो उठून बसला. म्हणे, "बे, यावर तं तिथं आख्खा कोर्स हाये, अन् तू इथं राज्यघटनेची कलमं पाठ करून राहिला?" मला वाटलं मजाक करतो. पाण्यावर, खेड्यावर शिकवतात आणि त्याची डिग्री मिळते, हे मला चोविसाव्या वर्षी समजलं.

त्यानं काय केलं ते सांगतो, कारण तेव्हापासून मी मार्गदर्शन म्हटलं की तेवढंच समजतो. दुसऱ्या दिवशी त्यानं गावची गाडी सोडली, माझ्यासोबत नेट कॅफेत बसला आणि फॉर्म भरला, एकेक रकाना वाचून. फीचे पैसे कमी पडले ते त्यानं टाकले, मी नंतर दिले. आणि पुढं चार महिने दर रविवारी सकाळी फोन. दहाच मिनिटं. "या हप्त्यात काय वाचलं? इंग्लिशचा पेपर किती वाचला? बरं, ठेवतो." बस एवढंच. भाषण नाही, कंदील नाही. पण रविवारी फोन येणार म्हणून शनिवारी रात्री तरी मी इंग्रजी पेपर उघडायचो. लागला माझा नंबर, शिकलो, आता नागपुरात एका संस्थेत नोकरी करतो, गावोगावच्या विहिरींचा आणि पाण्याचा हिशोब ठेवायचं काम आहे. म्हणजे जे तेव्हा खोलीत फुकट बोलत होतो त्याचाच आता पगार मिळते.

त्यामुळं माझं एक मत पक्कं झालं, पटलं तं पाहा. आपल्याला तीस वर्षं पुढं गेलेला माणूस नको, तीन वर्षं पुढं गेलेला पाह्यजे. कलेक्टर साहेबांना आता फॉर्ममधला कोणता रकाना अडतो ते आठवत नाही, आणि त्यांच्या वेळची परीक्षाही राहिली नाही. परवा ॲडमिशन झालेल्या पोरीला सगळं आठवते. उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा चालला, नॉन क्रिमिलेयर काढायला सेतूत किती दिवस लागले, हॉस्टेलची पहिली फी भरायला घरच्यांनी तूर लवकर विकली का, सगळं.

आणि अशी तीन वर्षं पुढं गेलेली माणसं आता आपल्याकडे आहेत बरं का, माझ्या वेळेसारखी परिस्थिती राहिली नाही. यवतमाळातून २०१७ साली राजू केंद्रेंनी एकलव्य ही संस्था सुरू केली, ते स्वतः बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातल्या खेड्यातले, पुढं ब्रिटन सरकारच्या चेवनिंग स्कॉलरशिपवर लंडनला शिकले. त्यांचं कामच हे की घरातून पहिल्यांदा शिकणाऱ्या पोरापोरींना हाताला धरून चांगल्या विद्यापीठाच्या फॉर्मपासून इंटरव्यूपर्यंत न्यायचं, आणि शिकवणारे बरेचसे आधी तिथूनच पुढं गेलेले. इकडं गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या शोधग्राममध्ये २००६ पासून निर्माण नावाची तरुणांची शिबिरं होतात, ती नोकरी लावून देणारी नाहीत, तिथं उलट तुम्हालाच विचारतात की तुम्ही शिकून कोणाच्या काय कामाला येणार. त्यांचा फॉर्म भरायलाच मला आठ दिवस लागले होते, इतके अवघड प्रश्न, आणि निवड नाही झाली. पण ते आठ दिवस वाया गेले असं मला आजही वाटत नाही.

आता विज्ञानवाल्यांसाठी एक गोष्ट, कारण ही मला कोणीच सांगितली नव्हती आणि याचा राग मला अजून आहे. आपल्या देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दरवर्षी समर रिसर्च फेलोशिप देतात, दोन महिने उन्हाळ्यात मोठ्या संस्थेत, खऱ्या शास्त्रज्ञासोबत काम, वर स्टायपेंड. तालुक्याच्या कॉलेजातला पोरगाही अर्ज करू शकतो. फॉर्म साधारण हिवाळ्यात निघतात, म्हणजे नेमकं आपलं घर कापूस वेचाईत आणि सोयाबीनच्या हिशोबात गुंतलेलं असते तेव्हा. त्यात एका सरांचं शिफारसपत्र लागते. आमच्या कॉलेजातले एक सर भले माणूस, पण मी एकदा दुसऱ्या कामासाठी पत्र मागितलं तं म्हणाले, तूच लिहून आण, मी सही ठोकतो. तेव्हा मला राग आला होता. आता पोरांना सांगतो की सर असं म्हणाले तं रागवू नका, पण आपल्याबद्दल खऱ्या चार गोष्टी कागदावर लिहून त्यांना द्या, कोणत्या प्रॅक्टिकलला काय केलं, कोणता प्रोजेक्ट, आणि म्हणा सर यावरून तुमच्या शब्दात लिहा. सरांच्या वर्गात ऐंशी पोरं असतात, त्यांना तुमचं काय काय आठवणार.

एमए, एमएस्सीसाठी बाहेर जायचं असेल तं सीयूईटी पीजी नावाची एकच परीक्षा देऊन कितीतरी केंद्रीय विद्यापीठांत अर्ज करता येतो, टाटा इन्स्टिट्यूटची ॲडमिशन पण आता त्यावरूनच होते. आयआयटीत एमएस्सी करायची तं जॅम नावाची परीक्षा. इंजिनिअर नसताना आयआयटीत जाता येते हे सांगितलं की आमच्याकडचे लोक माझ्याकडं असे पाहतात जसा मी पाऊस पाडायचं मशीन विकून राहिलो. बंगलोरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाची वेगळी परीक्षा असते आणि घरचं उत्पन्न पाहून फी आणि राहण्या-खाण्यापर्यंत मदत मिळू शकते. ज्यांना स्पर्धा परीक्षाच करायची त्यांच्यासाठी सरकारच्याच संस्था आहेत, अनुसूचित जातीसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती, त्यांची फुकट कोचिंग असते, त्याआधी क्लासवाल्याला पन्नास हजार देऊ नका. आणि हे सगळं काही नाही, सध्या घरीच राहून काही करायचं तं २०२४ पासून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, पदवीधराला महिन्याला दहा हजार, आधी सहा महिने होते मग अकरा केले. नोकरी नाही ती, नंतर कायम करतील या आशेवर बसू नका, पण ग्रामपंचायतीत किंवा तालुक्याच्या ऑफिसात काम कसं चालते ते पाहायला बरी. केंद्राची पीएम इंटर्नशिप पण त्याच वर्षी आली, सुरुवातीला मोठ्या कंपनीत बारा महिने, महिन्याला पाच हजार असं होतं. पाच हजारात पुण्यात खोलीसुद्धा येत नाही हे मात्र कोणत्याच पोस्टरवर लिहिलेलं नसते.

बरं, हे सगळं गूगलवर आहे. मग माणूस कायले पाह्यजे? हे मला एका पोरीनं शिकवलं. तिचं नाव लिहित नाही, घाटंजीकडची, बीए झालेली. तिला बंगलोरला अर्ज करायचा होता आणि त्यासाठी स्वतःबद्दल लिहून द्यायचं होतं, ज्याला एसओपी म्हणतात. तिनं पाठवलं. इंग्रजीत. मी कष्टाळू आहे, वक्तशीर आहे, मला लहानपणापासून देशाची सेवा करायची आवड आहे, अशा अर्थाचं. यूट्यूबवरून उतरवलेलं होतं ते दिसतच होतं, कारण मधात एका वाक्यात कोण्या दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहून गेलं होतं.

मी तिला म्हटलं हे राहू दे, तू दिवसभर घरी काय करते ते मला व्हॉइस नोटवर सांग, आपल्या बोलीत. तिनं अकरा मिनिटांची नोट पाठवली. त्यात सैपाक, गोठा, लहान भावाचा अभ्यास, आणि मग सहज, जाता जाता, "अन् महिन्यातून एक दिवस मायच्या बचत गटाचा हिशोब लिहितो, कारण का गटात कोणाले लिहिता येत नाई." मी फोन लावला. बारा बाया, महिन्याला शंभर रुपये, ही नववीत असल्यापासून रजिस्टर हिच्याच हातात. म्हणजे सहा वर्षं! कोणाला कर्ज दिलं, कशासाठी, कोणाचा हप्ता चुकला. २०१७ ला बोंडअळीनं कापूस गेला त्या वर्षी बाराच्या बारा जणी हप्ता भरू शकल्या नाहीत, तेव्हा गट मोडायला निघाला होता, आणि या पोट्टीनं रजिस्टर काढून प्रत्येकीला दाखवलं की तुझे आतापर्यंत किती जमा आहेत, मोडला तं हातात किती येईल आणि थांबलं तं किती. गट नाही मोडला. दहावीतली पोरगी तेव्हा.

मी म्हटलं अगं हे का नाही लिहिलं? तं ती म्हणाली, "दादा, हे तं घरचं काम होय. त्यात काय लिहाचं?"

याच्यासाठी माणूस लागतो. गूगलला हे विचारताच येत नाही, कारण तिला स्वतःलाच माहीत नव्हतं की हे सांगण्यासारखं आहे. मग तिनं ते आधी मराठीत लिहिलं, पाच पानं, मग दोन पानं झाली, मग इंग्रजीत. चार वेळा खोडलं. मी एक वाक्यही लिहून दिलं नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ मार्गदर्शक स्वतःच लिहून देतात आणि मग इंटरव्यूत पोरगं अडकते.

पहिल्या वर्षी तिचं नाही झालं, इंग्रजीत मागे पडली. आणि खरं काम तिथून सुरू झालं कारण घरी पाहुणे यायला लागले होते, दोन स्थळं चालून आलेली. मी आणि आमच्या ओळखीची एक ताई (ती स्वतः त्याच विद्यापीठातून शिकून आलेली, वाशिमकडची) असे दोघं तिच्या घरी गेलो. ताईला मुद्दाम नेलं. बापापेक्षा माय तिच्याशी जास्त बोलली, हॉस्टेलात खायला काय देतात, रात्री दार कोण लावते, असे प्रश्न जे मला कोणी विचारले नसते आणि विचारले असते तं मला उत्तर आलं नसतं. तिचे बाबा ओट्यावर बसून तंबाखू मळत होते, शेवटी म्हणाले, "दोन वर्सं बंगलोरले जाईन, मंग नोकरी लागन का?"

माझ्या तोंडावर आलं होतं की शंभर टक्के लागन काकाजी. पण गिळलं. म्हटलं काकाजी, लागायचा चान्स चांगला आहे, पण लागेलच असं मी लिहून देत नाही.

ते हसले. म्हणे, "लिहून देणारे लय पाह्यले म्या. बियाण्याच्या बॅगवर बी लिहूनच असते."

आणि पोरीला एक वर्ष दिलं. त्या वर्षात रविवारचा फोन ताईनं केला, मी नाही. दुसऱ्या वर्षी इंटरव्यूला त्यांनी विचारलं, गटाचं व्याज किती? ही म्हणाली शेकडा दोन, महिन्याचं. ते म्हणाले, म्हणजे वर्षाचं चोवीस झालं की, मग सावकारात आणि तुमच्यात फरक काय? मला नंतर तिनं सांगितलं की ती घाबरली होती पण उत्तर घरातच होतं. सावकाराचं व्याज सावकाराच्या घरी जाते, आमचं फिरून आमच्याच गटात येते आणि दिवाळीला वाटून घेतो. झालं. स्कॉलरशिपसहित ॲडमिशन झाली. हा इंटरव्यू तिनं ऑनलाईन दिला होता, घरात रेंज नाही म्हणून गावच्या पाण्याच्या टाकीखाली खुर्ची टाकून, आणि भावाला दूर उभा केला होता बकऱ्या येऊ नये म्हणून.

एक फालतू वाटणारी गोष्ट सांगतो पण यात मी तीन पोरांचं नुकसान पाहिलं आहे. तुमचा ईमेल कोणाकडं आहे? हसू नका. आमच्याकडे निम्म्या पोरांचा ईमेल नेट कॅफेवाल्यानं किंवा सेतूवाल्यानं बनवलेला असते, पासवर्ड त्याच्या वहीत, मोबाईल नंबर बापाचा जुना, तो आता बंद. इंटरव्यूचं पत्र येते आणि कॅफेवाल्याच्या कॉम्प्युटरवर पडून राहते. एका पोराला निवड झाल्याचं समजलं तेव्हा फी भरायची तारीख जाऊन नऊ दिवस झाले होते. त्यामुळं माझ्याकडे कोणी आलं की करिअर-बिरिअर नंतर, आधी मी म्हणतो मोबाईल काढ, स्वतःचा ईमेल बनव, स्वतःच्या नावाचा, तो किंगबॉय वगैरे नको, आणि पासवर्ड घरच्या कॅलेंडरवर लिहू नको. मग दुसरं, कागदं. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन क्रिमिलेयर, उत्पन्न, डोमिसाईल. निकालानंतर काढायला जाशील तं तहसीलच्या बाहेर आख्खा तालुका उभा असते, एप्रिल-मेमध्येच काढून ठेव, तेव्हा उन्हात कोणी येत नाही.

आता दुसरी बाजू पण सांगून देतो. मार्गदर्शनाच्या नावावर दुकानं पण निघाली आहेत. मोफत सेमिनार म्हणून बोलावतात, दोन तास घाबरवतात, आणि शेवटी काउन्सेलिंगचं पॅकेज काढतात. माझ्या मावसभावाकडून एकानं अठरा हजार घेतले, बदल्यात त्याला कॉलेजांची यादी दिली जी सरकारच्या वेबसाईटवर फुकट होती. नाव घेत नाही त्याचं, घेऊन उपयोग नाही, तो आता दुसऱ्या गावात आहे. साधी खूण सांगतो, जो पहिल्याच भेटीत गॅरंटी देते त्याच्यापासून उठून या.

आणि पोरींनो, हे जास्त महत्त्वाचं. मार्गदर्शक म्हणणारा कोणी दादा किंवा सर रात्री अकरानंतर फोन करून राहिला, फोटो मागून राहिला, एकटीला भेटायला शहरात बोलावून राहिला, तं तो मार्गदर्शक नाही, मग तो कितीही मोठ्या ठिकाणचा असो. त्याचा नंबर ब्लॉक करायचा आणि घरी किंवा एखाद्या ताईला सांगायचं. त्याच्यामुळं आपली संधी जाईल असं वाटते, मला माहीत आहे. अर्ज त्याच्या घरून जात नाही, विद्यापीठाच्या वेबसाईटवरून जाते. मी स्वतः आता नियम केला आहे की पोरीचा फोन असला तं दिवसा, आणि पहिल्या दोन बोलण्यात ताईलाही कॉलवर घेतो. ताईला वेळ नसला तं पुढं ढकलतो.

एमपीएससीवाल्यांसोबत बोलणं मला सगळ्यात जड जाते. सव्वीस-सत्तावीस वय, चार वर्षं झालेली, दोनदा प्रिलिम निघालेली, घरी सांगितलेलं की या वर्षी होऊन जाईन. त्याला सोड म्हणायचा मला अधिकार नाही. मी फक्त वय काढून दाखवतो. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री फेलोशिपला एकवीस ते सव्वीस वय लागते, वर फर्स्ट क्लास आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव. पीएम इंटर्नशिप आली तेव्हा तिला चोवीसपर्यंतच होतं. म्हणजे तू अभ्यासिकेत बसलेला असताना ही दारं एकेक करून बंद होऊन राहिली, आणि अनुभव म्हणून लिहायला काहीच नाही. मग मी म्हणतो अभ्यास कर, पण सोबत आठवड्यातून दोन दिवस काहीतरी काम पकड, शेतकरी कंपनीत हिशोब लिही, शाळेत शिकव, कोण्या संस्थेचा सर्व्हे कर, आणि एक तारीख ठरव. ती तारीख मी ठरवणार नाही, तूच ठरव आणि बापाला सांग. एका पोरानं खरंच ठरवली होती, आणि त्या तारखेच्या एक महिना आधी तो क्लर्क म्हणून लागला. दुसऱ्यानं तीन वेळा तारीख बदलली. त्याला मी काही बोललो नाही. मी पण एकदा बदललीच होती.

मेसेज कसा करायचा हेही सांगतो कारण सुरुवात तिथूनच झाली होती. नाव, गाव, काय शिकलो, आतापर्यंत काय काय करून पाहिलं, आणि एक प्रश्न. एकच. "मी दिग्रसहून अमुक, बीएस्सी रसायनशास्त्र तिसरं वर्ष, जॅमचा फॉर्म भरायचा आहे पण गणित कच्चं आहे, चार महिन्यांत होईल का आणि कुठून सुरू करू?" असा मेसेज आला तं अमेरिकेत बसलेला माणूसही उत्तर देईन. मराठीत लिहा, चालते. उत्तर नाही आलं तं आठ दिवसांनी एकदा आठवण करा, राग मानू नका, त्याच्याही घरी कापूस असते. उत्तर आलं आणि तुम्ही ते केलं, तं काय झालं ते परत कळवा, हे आपले पोट्टे करतच नाहीत, निकाल लागला की गायब. ज्याचं नाही झालं तो लाजेनं गायब आणि ज्याचं झालं तो आनंदानं गायब. कळवलं की पुढच्या पोरासाठी त्या माणसाला परत विचारता येते.

आणि जे शिकून पुणे, बंगलोर, हैदराबादला गेले त्यांनाही एक सांगणं आहे, गावच्या ग्रुपवर सुविचार टाकता ते टाका, पण रविवारचा एक फोन एका पोराला लावा. एकच पोरगं घ्या. दहा घेतले की दहाही सुटतात, मी करून पाहिलं आहे, २०२१ ला मी चौदा पोरांचा ग्रुप बनवला होता आणि तीन महिन्यांत त्यावर फक्त गुड मॉर्निंग उरलं.

तो साडेदहावाला पोरगा उमरखेडकडचा निघाला. बीकॉम, दुसरं वर्ष. मी त्याला म्हटलं मला व्हॉइस नोट कर, दिवसभर काय करतो ते सांग. त्यानं नोट पाठवली ती दीड मिनिटाची, त्यात म्हणाला सकाळी कॉलेज आणि दुपारून काकाच्या कृषी केंद्रात उधारीची वही लिहितो. कोणाची किती, कोणत्या खताची, कोण कापूस विकल्यावर देणार आणि कोण नाही देणार हे त्याला चेहऱ्यावरून समजते म्हणे. मी म्हटलं, ते कसं समजते ते लिही, एक पान. आज रात्री पाठवतो म्हणाला होता. आता सव्वाअकरा झाले, अजून आलं नाही. त्याच्याकडची लाईन गेली असंल.